गोधडी, तिची चार पिल्लं आणि बी विंगमधली दोन मुलं

मुलांना प्राण्यांचा लळा लावा, मुलं प्रेमळ होतात असं जो तो सांगतो. ते खोटं नाहीये पण अर्धंच आहे, कारण प्रेमळ तर आमच्या बिल्डिंगमधली ही दोन मुलं आधीपासूनच होती आणि त्या प्रेमाच्या भरातच त्यांनी पहिल्याच आठवड्यात मांजरीला जुलाब लावले. त्यांना प्रेम शिकवायची गरज नव्हती. बघणं, थांबणं, हिशोब ठेवणं आणि नको असलेलं खरं ऐकणं हे शिकायचं बाकी होतं आणि ते सगळं एका पावसाळ्यात झालं. मी समोरच्याच दारात राहते त्यामुळे बरंचसं डोळ्यांदेखत झालं, म्हणून पहिल्यापासून लिहून काढतेय.

डोंबिवली पूर्वेची जुनी चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, जिन्याखाली मीटर रूम, तिचं दार वर्षानुवर्षं अर्धवट उघडं. २०२४ चा मे महिना. थोरली सातवीत जाणारी, धाकटा तिसरीत, आईबाबा दोघंही सकाळची लोकल पकडून मुंबईला, घरी आजी. घर पक्कं शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आणि मीटर रूममध्ये एक तिरंगी मांजर येऊन बसायला लागली, पांढऱ्यावर काळे नि भगवे तुकडे, म्हणून आजीनेच नाव ठेवलं गोधडी. (तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, भगव्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं म्हणून. थोरलीने हे कुठूनतरी शोधून काढलं आणि पुढचे दोन दिवस जिन्यात भेटेल त्याला सांगत होती, दूधवाल्यालासुद्धा.)

तर मुलांनी काय केलं, बशीत दूध ओतून ठेवलं. मांजर म्हटलं की दूध, आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तेच असतं, डोळे मिटून दूध पिणारी मांजर. गोधडी प्यायली पण आणि दुसऱ्या दिवशी मीटर रूमची जी अवस्था झाली ती वॉचमनला धुवायला लागली. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही, पिलू असताना पचते आणि मग ते हळूहळू बंद होतं. चव आवडते म्हणून पितात, पोट बिघडतं. धाकट्याला हे अजिबात पटेना, "पण तिला आवडतंय ना" हेच चाललं होतं. त्याच्या आईने त्याला दुसरं काही समजावलं नाही, फक्त म्हणाली की तुला गोळ्या-चॉकलेटं आवडतात तर जेवणाऐवजी देऊ का. तो "हो" म्हणाला. असो.

मग खायला द्यायचं काय. मांजर पक्का मांसाहारी प्राणी आहे, कुत्र्यासारखं पोळी-भात-वरणावर तिचं भागत नाही. टॉरिन नावाचा एक घटक तिचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांसातूनच मिळतो आणि दीर्घकाळ नाही मिळाला तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. आता शाकाहारी घरात हे कसं जमायचं? आजीचं म्हणणं, घरात काही आणायचं नाही आणि त्यावर चर्चा नाही. आई म्हणाली आजीचं घर आहे, आजीचा नियम आहे. मला इथे त्या आईचं कौतुक वाटलं कारण तिने मुलांची बाजू घेऊन सासूशी भांडण काढलं नाही आणि मुलांना "मग नाही खायला घालायचं" असंही म्हटलं नाही, म्हणाली तुम्हीच मार्ग काढा. मुलं माझ्या दारात. मावशी, तुमच्याकडे मासे शिजतात ना?

शिजतात, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बाजारात जे येतं त्याचे भाव ऐकून माणसालाच परवडत नाही तर मांजरीला कुठून. मग चिकनवाल्याकडून कलेजी-पेटा आणि मानेचे तुकडे आणायचे ठरलं, पैसे मुलांचे, शिजवणं माझ्याकडे, वेगळ्या भांड्यात, मीठ नाही, हळद-तिखट नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबातच नाही, त्याने मांजरीच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कलेजी थोडीच घालायची, रोज ढीगभर नाही. शिजवलेली हाडं काढून टाकायची, ती कडक होऊन तुटतात आणि घशात अडकतात. नंतर मांजरांचं कोरडं खाणं पण आणायला लागले, ते घरात ठेवायला आजीची हरकत नव्हती, डबा बंद असतो म्हणून म्हणे. त्या पाकिटावर चिकन लिहिलेलं आहे हे कोणी आजीला वाचून दाखवलं नाही आणि आजीनेही चष्मा लावला नाही.

जूनच्या मध्यावर, पाऊस नुकताच लागला होता, मीटर रूममधल्या खोक्यात चार पिल्लं. आता खरी परीक्षा सुरू झाली, कारण दोघांनाही ती हातात घ्यायची होती. बिल्डिंगमध्ये एकाने सांगितलं हात लावलात तर आई पिल्लांना खाते. असं नुसत्या माणसाच्या वासाने सहसा होत नाही, पण सारखी वर्दळ झाली की मांजर पिल्लं उचलून दुसरीकडे नेते हे मात्र खरं, आणि आपल्याकडे म्हणतातच की मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. तिसऱ्याच दिवशी खोकं रिकामं. धाकट्याने जो काही गोंधळ घातला! गोधडीने पिल्लं नेली होती पार्किंगमधल्या पंपाच्या खोलीमागे आणि तिथून दोन दिवसांनी परत मीटर रूममध्ये, कारण तिकडे पाणी शिरलं.

तेव्हा नियम झाला. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसायचं, खाली उतरायचं नाही, ती स्वतः आपल्याकडे आली तरच हात लावायचा. आता तुम्ही आठ वर्षांच्या मुलाला पायरीवर बसवून दाखवा. पण तो बसला हो, मुख्यतः वहीमुळे. थोरलीने जुनी अर्धी राहिलेली गणिताची वही घेतली आणि त्यात रोज लिहायचं ठरलं, किती वाजता खाल्लं, किती वेळ बाहेर होती, पिल्लांचे डोळे उघडले का. आणि दिवसातून एकदा, गोधडी खायला बाहेर आली की, थोरलीने एकटीने, हात धुऊन, एकेक पिल्लू प्लास्टिकच्या वाडग्यात ठेवून वजन करायचं. वजनकाटा माझा, पापडाच्या पिठाचा, तो नंतर मी परत मागितला नाही. जन्मतः पिल्लू साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढायला पाहिजे, असं व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनी, फोनवर सांगितलेलं. म्हणजे नुसतं "किती गोड" म्हणून भागत नव्हतं, आकडा बघायला लागायचा.

आणि आकड्यामुळेच कळलं. तीन पिल्लं चढत होती, चौथं, सगळ्यात लहान काळं, जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी पण तिथेच. तिसऱ्या दिवशी खाली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, झोपलेलं गोड पिल्लूच वाटत होतं, पण वहीत आकडा खाली आलेला. थोरली म्हणाली मावशी याला काहीतरी होतंय. हात लावला तर गार. नवजात पिल्लांना स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही, आई आणि भावंडांच्या अंगावरच ती जगतात, आणि अशक्त पिल्लू बाजूला ढकललं जातं. व्हेट म्हणाले आधी ऊब द्या, हॉट वॉटर बॅग फडक्यात गुंडाळून, गार पिल्लाच्या तोंडात काही घालू नका, त्याला पचत नाही. ऊब आल्यावर पिल्लांची दूध पावडर, गाईचं दूध नको, आणि पाजताना पालथं धरायचं, आईला पितात तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. आणि पाजून झालं की ओल्या कापसाने मागून पुसायचं कारण तीनेक आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपणहून शी-शूसुद्धा होत नाही, आई चाटते तेव्हा होते. धाकटा हे ऐकून आधी हसून लोळला आणि मग एकदम गप्प होऊन विचारलं, मग आई नसेल तर?

मधेच पहिल्या मजल्यावरच्या एकांनी मुलांचं तापाचं सिरप दोन थेंब द्या म्हणून सुचवलं. देऊ नका, कोणीही, कधीही. पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, अगदी थोडंसंही, तिच्या यकृताला ते मोडता येत नाही.

काळं पिल्लू दुसऱ्या दिवशी पहाटे गेलं.

या ठिकाणी मोठी माणसं काय करतात ते मला माहितीये, आमच्याकडेही तेच झालं असतं. मुलं उठायच्या आत वॉचमनला सांगून उचलायचं आणि म्हणायचं, त्याला एक चांगल्या काकू घेऊन गेल्या. आजीचा तोच बेत होता. आईने ऐकलं नाही, ऑफिसला उशीर करून थांबली, मुलं उठल्यावर सांगितलं की पिल्लू मेलं. झोपलं नाही, देवाघरी वगैरे पण नाही, ते आजीने नंतर सांगितलं ते ठीकच आहे. धाकट्याने विचारलं आपण नीट पाजलं नाही म्हणून का, तर तिने वही उघडली आणि दाखवलं की तुम्ही हात लावायच्या आधीपासून त्याचं वजन वाढतच नव्हतं, एका वेताला असं एखादं पिल्लू बरेचदा जात असतं. रडारड झाली. मग सगळ्यांनी मिळून मागच्या नारळाखाली खड्डा केला. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची सकाळ तीच, आणि ते पुढे जे झालं त्यावरून म्हणतेय, उगीच नाही.

पुढे झालं असं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक दांडगा बोका यायला लागला. बोके कधी कधी पिल्लं मारतात. संध्याकाळी गोधडी आणि बोका जुंपले आणि धाकटा वाचवायला मधे. गोधडीनेच त्याच्या मनगटावर दात रुतवले, भांडणाच्या भरात मांजराला समोर कोण आहे ते कळत नाही. दोन बारीक भोकं, रक्ताचे चार थेंब. घरी आईबाबा आलेले नव्हते, आजी देवाजवळ. त्याला लपवणं अगदी सोपं होतं, फुल बाह्यांचा शर्ट घातला असता की झालं. पण तो सरळ माझ्याकडे आला आणि हात पुढे करून म्हणाला चावली, पण तिची चूक नाही. त्या आईने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की चावलं, ओरबाडलं, काहीही झालं तरी आधी सांगायचं, कोणी ओरडणार नाही आणि मांजरीलाही कोणी हाकलणार नाही. असं सगळेच आईबाप सांगतात, पण काळ्या पिल्लाच्या वेळी ती खरं बोलली होती त्यामुळे याने विश्वास ठेवला, असं माझं मत.

नळाखाली हात धरून साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुतला, घड्याळ लावून, पंधरा मिनिटं फार असतात हे धुताना कळतं. आजी हळद घेऊन आल्या होत्या, नाही लावू दिली. जखमेवर हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नसतं. तिथून थेट सरकारी दवाखाना, तिथे रेबीजची लस फुकट मिळते. रक्त आलेलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि भोवती सीरमही द्यावं लागतं, ते त्याने जोरात ओरडून घेतलं. लस दंडाच्या कातडीत, पहिली त्याच दिवशी, मग तिथून ३, ७ आणि २८ दिवसांनी. मांजरीवर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं, आणि मांजर धडधाकट दिसतेय म्हणून लस थांबवून वाट बघत बसायचं नसतं, लस आधी, बघणं बरोबरीने. ते दहा दिवस वहीत रोज एक ओळ, "गोधडी ठीक". मांजराचा दात बारीक असतो म्हणून लोक सोडून देतात पण तो खोल जातो आणि वरून भोक लगेच मिटतं, आत पू होतो, म्हणून अँटिबायोटिक पण चालू होतं.

या चावण्याची बातमी अर्थातच सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेली आणि मीटिंग लागली. सेक्रेटरींचं म्हणणं, पोत्यात भरून मच्छीमार्केटला सोडून या, तिथे खाणंपिणं भरपूर. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या मांजर आपल्या हातून मेलं तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, सोन्याचा भाव बघितलाय का. सगळे हसले, तिथेच निम्मं वातावरण निवळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वकील काकांनी मग कायदा सांगितला, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये (म्हणजे फार तर तीन वडापाव), मात्र १ जुलैपासून नवीन भारतीय न्याय संहिता लागू झालीये, तिच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला मारलं, विष घातलं किंवा जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पण थोरली या मीटिंगला वही घेऊन आली होती आणि मला वाटलं ही आता कायदा धरून भांडणार, तर नाही. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या की बाळांनो, मला मांजर नको असं नाही पण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वास येतो, उरलेलं चिकन तसंच पडतं, मुंग्या, माश्या, घुशी, आणि मीटर रूममध्ये उघड्या वायरी आहेत. सगळं खरं होतं. थोरलीने ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली हे बरोबर आहे. शाळेत वादविवाद स्पर्धा घेतात तिथे हे वाक्य कोणी शिकवत नाही. मग ठरलं, खाणं सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, वीस मिनिटांनी ताटली उचलायची, जागा पंपाच्या खोलीचा कट्टा, पिल्लं हळूहळू तिकडे हलवायची, फरशी मुलांनी धुवायची. आणि धुवायची साबणाच्या पाण्याने, फिनाईलने नाही, कारण मांजर पाय चाटते आणि फिनाईल तिच्या पोटात जातं, ते तिला बाधतं. हे वॉचमनला समजवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

श्रावण त्या वर्षी ५ ऑगस्टला लागला. पिल्लं तेव्हा सात आठवड्यांची, दात आलेले, निळे डोळे बदलायला लागलेले, भूक दांडगी, आणि नेमकी बिल्डिंगमधली निम्मी घरं महिनाभर मांसाहार बंद. आमच्याकडे श्रावण इतका कडक नसतो म्हणून माझ्या गॅसवर शिजत राहिलं पण वास जिन्यात जातो म्हणून कुरबूर झाली. यावेळी तोडगा खुद्द शाकाहारी आजीने काढला. म्हणाल्या, वाघाला श्रावण नसतो तर त्याच्या मावशीला कुठून असेल, महिनाभर ते डब्यातलं कोरडं द्या, डबा आमच्या बाल्कनीत ठेवा. चष्मा लावूनच म्हणाल्या.

सगळ्यात अवघड गोष्ट ऑपरेशनची. मांजर पिल्लांना पाजत असतानाच परत गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत पुढची पिल्लं, आणि ही पिल्लंही पाच-सहा महिन्यांत स्वतः वयात येतात. थोरलीने विचारलं, तिला न विचारता आपण कसं ठरवायचं? प्रश्न योग्यच आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर नाहीये. तिची आई म्हणाली, हो, आपण तिच्या वतीने ठरवतोय आणि ते मला पण आवडत नाहीये, पण काळ्या पिल्लासारखी किती बघायची. मग थोरलीने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, वर्षाला दोन वेत, चार-चार पिल्लं, त्यातल्या माद्या, आणि मग ते पान फाडलं.

पैसे रद्दीतून. दोघांनी बी विंगच्या सगळ्या घरांतून पेपर गोळा केले, थोडे कमी पडले ते वकील काकांनी घातले. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडून पिंजरा आणला, त्यात खाणं ठेवून दार बांधून आधी नुसती सवय लावली, मग एका संध्याकाळी दार सोडलं. पिंजऱ्यावर चादर टाकली की मांजर शांत होते, ते खरंच झालं. डॉक्टरांनी सांगितलं तसं त्या रात्रीपासून खाणं बंद, सकाळी ऑपरेशन, आणि भुलीत असतानाच डाव्या कानाचं टोक थोडं कापतात, म्हणजे हिचं झालंय हे लांबून कळतं आणि परत कोणी पकडत नाही. धाकट्याला त्या कानाचा राग आला. दोन दिवस डॉक्टरांचं नाव काढू देत नव्हता, त्याच्या मते हे चोरून केलं, त्याला आधी सांगायला पाहिजे होतं. त्याचं चूक नव्हतं, कानाचं खरंच कोणी त्याला सांगितलं नव्हतं. आईने सॉरी म्हटलं.

पिल्लांपैकी दोन दिली. थोरलीने घेणाऱ्यांना प्रश्न विचारले, खिडकीला जाळी आहे का, घरी दिवसा कोण असतं, गावाला गेलात तर काय. एका कुटुंबाला तर तिने नाहीच दिलं, म्हणाली ते पिल्लू मुलीला वाढदिवसाचं सरप्राईज म्हणून नेणार होते. मला ते जरा जास्तच कडक वाटलं, वाढदिवसाला आलेलं पिल्लू पण नीट वाढू शकतं. पण दोन्ही पिल्लं गेली ती चांगल्या घरी, एक ठाकुर्लीला आणि एक ए विंगमध्ये, ते आता खिडकीच्या जाळीतून आपल्या आईकडे बघतं आणि आई त्याच्यावर फिस्कारते. याचं धाकट्याला खूप वाईट वाटलं, आई असून ओळख कशी नाही. मांजरींचं असंच असतं, पिल्लू सुटं झालं आणि वास बदलला की ते परकं.

तिसरं, भगवा बोका, कोणी नेला नाही आणि नेऊ नये असंच धाकट्याच्या मनात होतं. तो आता कट्ट्यावरच गोधडीबरोबर असतो, ती त्याला दिवसातून दोनदा तरी थोबाडते. आठव्या आठवड्यात पहिली लस झाली, त्यानंतरचा डोस आणि तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची, त्या तारखा वहीत लिहिलेल्या आहेत. त्याचंही ऑपरेशन दिवाळीनंतर करायचंय. धाकट्याने यावेळी व्हेटकडे जाऊन स्वतः विचारून घेतलं की काय काय करणार, कान कापणार का, किती कापणार, आणि मगच रद्दी मागायला निघाला. दिवाळीच्या साफसफाईत रद्दी जास्त निघते, असं त्याचं गणित आहे. तुमच्याकडे असेल तर बी विंगला पाठवा.